क्लीनर

ट्रक विकला तेव्हाच खरं तर सगळं विकून झालं होतं.
बाकीचा नुसता हिशेब:
फ्रिज मेव्हणीला, मिक्सर तिच्याच सुनेला,
शिडी धाकूकडे चार वर्षं होतीच,
आता ती त्याची, एवढंच सांगून आलो.

माटोळीची चौकट मात्र कुणाला द्यावी सुचेना.
फणसाच्या लाकडाची, बापाने स्वतः ठोकलेली,
चवथीचे पाच दिवस सोडले
तर वर्षभर रिकामी लटकते.
सुलक्षा म्हणाली, राहू दे तिथंच.
भाडेकरूंना सांगू,
तिच्यावर टॉवेल वाळत घालू नका.

कुत्र्याचं काय, हे कुणी विचारत नव्हतं.

खाणीच्या रस्त्यावर सापडला तेव्हा तांबडा होता,
धुतल्यावर पांढरा निघाला.
ट्रकमध्ये डाव्या सीटवर बसायचा, तोंड खिडकीबाहेर,
चढणीला गाडी धापा टाकू लागली की हाही टाकायचा.
जेटीवर माल ओतेपर्यंत
खाली उतरून एकेक टायर तपासायचा,
म्हणजे मुतायचा.
सगळे विचारायचे, तुझा क्लीनर पगार किती घेतो रे?
नाव तेच पडलं.

खाणी बंद झाल्या.
ट्रक दारात उभा राहिला,
बोनेटवर दोडक्याची वेल चढली,
त्या वर्षी दोडकी चांगली लागली.
हा मात्र रोज सकाळी सहाला
पुढच्या चाकापाशी जाऊन उभा.

मग आजोबांचा जन्मदाखला मिळाला,
पोर्तुगीज अक्षरांत, नाव चुकवून लिहिलेलं.
त्या चुकीच्या नावाचा नातू म्हणून
मला तांबडा पासपोर्ट आला.
आयर्लंडला गोदाम आहे. भाचा आहे. रात्रपाळी आहे.
कुत्रा न्यायचा तर सुया, कागद, पेटी, वेगळं तिकीट.
मी आकडा विचारला आणि फोन ठेवला.
भंगारात ट्रकचे आले त्याहून जास्त होता.

नार्व्याहून फेरीबोट, पलीकडे दिवाडीला कायतान.
त्याच्या बर्फाच्या पिकअपवर माणूस टिकत नाही.
म्हणाला, नदी ओलांडून दिलेलं कुत्रं परत येत नाही, बिनघोर राहा.
समजूत घालायला म्हणाला असेल.

मी सगळं मनात ठरवून गेलो होतो:
तो पट्टा ओढेल, केकाटेल,
मी बिस्किटांचा पुडा फोडून त्याच्यापुढे टाकीन
आणि मागे न बघता धक्क्यावर येईन.

कायतानने पिकअपचं डावं दार उघडलं.
क्लीनर चढला.
वळून एकदा नीट बसला, तोंड खिडकीबाहेर काढलं
आणि बघत राहिला,
माझ्याकडे नाही, रस्त्याकडे,
इतक्या वर्षांनी कामावर परत घेतलेल्या माणसासारखा.

बिस्किटं मी फेरीबोटीत खाल्ली. सगळी.
खलाशी म्हणाला, काय हो, जेवला नाही वाटतं?

आता बॅगा भरल्यात. सुलक्षा काट्यावर चढते-उतरते,
बॅग घेऊन, बॅग ठेवून,
सोलांची पिशवी एकदा आत, एकदा बाहेर.
पट्टा माझ्या जॅकेटच्या खिशात आहे,
त्याचं वजन तिने धरलेलं नाही.

भाचा न्यायला येणार आहे विमानतळावर.
तिकडेही आपल्यासारखंच, म्हणतो, स्टिअरिंग उजवीकडे.
म्हणजे मी डावीकडे.
काच खाली करायला सांगेन त्याला,
थंडी असली तरी.