सातव्या पानाचा उजवा कोपरा

शनिवारच्या पेपरात सातव्या पानावर,
उजव्या कोपऱ्यात, श्रद्धांजलीच्या खाली
एक चौकट असते : आज-उद्या शहरात.
अक्षर इतकं बारीक
की चष्मा कपाळावरून नाकावर आणावाच लागतो.
निवृत्त झाल्यापासून मी ती कातरते.
बिस्किटाच्या डब्यात साठली
एकोणीस शनिवारांची कात्रणं,
आणि त्यातल्या एकाही ठिकाणी मी गेले नव्हते.
कातरलं की जाऊन आल्यासारखंच वाटायचं.

दिवाळी सरली. फराळाचे डबे रिकामे झाले,
हा एक भरलेला राहिला.
म्हटलं, कुंदे, ऊठ. निघ.

पहिल्यांदा पार्ल्याला, व्हायोलिन ऐकायला.
‘प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव.’
काही म्हणजे पहिल्या अकरा रांगा.
मला मिळाली खांबामागची खुर्ची.
वादकाचं दिसत होतं फक्त कोपर,
पुढे यायचं, मागे जायचं.
दीड तास मी एक कोपर ऐकलं.
(मारव्यात ते जरा थरथरलं, खोटं नाही सांगत.)
मध्यंतरात सगळे एकमेकांना ओळखत होते.
मी बटाटेवड्याला ओळखत होते.

मग नायगावच्या मैदानात, मुलींची कबड्डी.
कोण कुठला संघ, पत्ता नाही.
निळ्यांतली एक शिडशिडीत पोर चढाईला आली,
कानातले डूल काढून आईकडे दिलेले,
आणि तिने बोनस रेषेपलीकडे असा पाय टेकला
जसा पस्तीस वर्षं मी वीजबिलांवर शिक्का टेकला :
अचूक, आणि लगेच पुढचं.
मी उभी राहून ओरडले.
काय ओरडले ते आठवत नाही.
शेजारच्या बाईने विचारलं, “तुमची मुलगी का हो?”
मी हो म्हणाले.
डब्यातलं तेवढं एक खोटं.

निळ्या दोन गुणांनी हरल्या.
घसा असा बसला की दुसऱ्या दिवशी
दूधवाल्याला अर्धा लिटर खुणेने सांगितलं.

तिसरं कात्रण मला धड कळलंच नव्हतं.
‘हौशी बिनतारी मंडळ, मासिक भेट. ऑर्लेम, मालाड.
चर्चच्या मागे, दुसरा मजला. जिना अरुंद.’
जिना अरुंद हे आवर्जून छापून आणणारा माणूस
बघावा, म्हणून गेले.

वर एकटेच, फ्रेडी कुटिन्हो,
ऐंशीच्या अलीकडे-पलीकडे, बोटीवरचे जुने तारवाले.
गंजीफ्रॉकवर शर्ट चढवता चढवता म्हणाले,
“या, या. आज तुम्हीच कोरम.”
पूर्वी बाराजण असायचे.
एक कॅनडात, दोघे विरारच्या पुढे,
बाकीच्यांसाठी त्यांनी नुसतं वर बोट केलं.
मला वाटलं, गच्चीवर असतील, अँटेनापाशी.

मग जडशीळ हेडफोन माझ्या कानांवर.
आधी खरखर, सुपात तांदूळ घोळावेत तशी.
मग तिच्यातून बारीक, दूरचं :
लांब आखूड लांब आखूड,
लांब लांब आखूड लांब.
“काय म्हणतोय?”
“काय नाय. कुणी आहे काय, विचारतो.”
“कुणाला?”
“कुणाला पण.”

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही.
आधी वही उघडली, तारीख घातली,
‘हजर : दोन’ लिहिलं,
आणि माझं आडनाव विचारलं.
“तांडेल? मग पहिलं अक्षर सोपं,” म्हणाले.
“टी. एकच ठोका. लांब.”

चहा झाला, केक झाला, जिना झाला
(अरुंदच आहे).
चर्चच्या कोपऱ्यावर एका रिक्षावाल्याने
उगाचच एक लांब हॉर्न दिला,
आणि मी वळून पाहिलं.