शेरा

अठ्ठावीस वर्षं मी परीक्षानळ्या धुतल्या
सेलूच्या मुलींच्या शाळेत.
ब्रश फिरवायचा, उपड्या ठेवायच्या, मोजायच्या.
एक जरी फुटली तर वहीत माझं नाव.
आत काय ओतलं, कोणता रंग आला,
ते बघणं दुसऱ्यांचं काम.

आता पुतण्यानं परभणीहून
मातीपरीक्षणाचा डबा आणून दिलाय.
चार बाटल्या, एक रंगपट्टी, मुंगीच्या अक्षरातल्या सूचना.
कारण काय, तर लिंबोणी:
पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या,
जशा एखाद्या पोरीनं नकाशात नद्या काढाव्यात
आणि घंटा व्हावी.

सूचनेप्रमाणं परसात नागमोडी चालले.
पाच खड्डे, वीत-वीत खोल.
आमची काळी माती ओली असली की खुरपं सोडत नाही,
वाळली की आत घेत नाही.
जुन्या लुगड्यावर सावलीत पसरली,
ढीग करून चार वाटे, समोरासमोरचे दोन टाकून दिले,
उरलेल्याचे परत चार.
भिंतीकडच्या कोपऱ्यातली मात्र वेगळी ठेवली.
हाताला भुसभुशीत लागली, एवढंच.

पांढऱ्या खड्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला.
फसफसलं.
त्यात नवल नाही, चहाच्या पातेल्याला आतून तोच चुना.
जास्वंदीचं पाणी हिरवट झालं.
नत्र गुलाबी यायला हवं,
ते आलं न आल्यासारखं.
पालाश भरपूर.
स्फुरद फिकट, धुतल्या गणवेशाच्या निळीइतकं.

आणि कोपऱ्यातली नळी
निळी, निळी, दौतीतल्या शाईसारखी.
पट्टीवर त्याच्यापुढचा रंगच छापलेला नाही.
परत करून पाहिलं.
नळी मीच धुतलेली, तिच्यावर संशय नाही.

गुलनारबी कढीपत्ता न्यायला आल्या.
हे घर आम्ही त्यांच्याकडूनच घेतलेलं.
नळी उजेडात धरून म्हणाल्या,
"त्या कोपऱ्यात? खुराडं होतं की आमचं!
सासूबाईच्या कोंबड्या. मी निकाह होऊन आले तवा सतरा होत्या.
एक लंगडी. तिला बेगम म्हणायचे."
मग जरा थांबून,
"अजून हाय त्यांचं?"

हाय म्हटलं.
नत्र पावसासोबत निघून जातं.
स्फुरद जात नाही,
ठेवलं तिथंच बसून राहतं,
घर विकलं तरी.

त्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या.
कढीपत्ता इथंच विसरल्या.

वही काढली, शाळेसारखेच रकाने आखले.
नमुना दोन. नत्र: कमी. स्फुरद: पट्टीबाहेर.
शेऱ्याच्या रकान्यात आजवर मी कधी काही लिहिलं नव्हतं.
लिहिलं: कोंबड्या, सतरा.

लिंबोणीचं राहूनच गेलं.
उद्या हिराकस आणायला हवं.

रात्री नळ्या धुतल्या, उपड्या ठेवल्या, मोजल्या.
एक कमी भरली.
ती खिडकीत आहे.