डबल बेल

सकाळी सव्वासहाची बॅच. पर्वतीच्या पायथ्याचा तलाव,
क्लोरीनचा वास थेट रिक्षा स्टँडपर्यंत.
भिंतीवर पाटी: पोहण्यापूर्वी अंघोळ करावी.
घरून करून आलो, असे सांगू नये.

शिकलगार मॅडम काठावर, गळ्यात शिट्टी,
माझ्या नातीहून चारच वर्षांनी मोठ्या.
"काका, हात कुठवर नेताय? मांडीपर्यंत?
ज्वारीतून वाट काढताय का?"

काय सांगू. मी शिकलो हडपसरच्या कालव्यात,
पाठीला रिकामा डबा बांधून.
तिथे पाणीच पुढे नेत असे,
आपण बुडायचं नाही, एवढंच काम.
पाय बेडकाचे बघून घेतले.
हात कुणी शिकवलेच नाहीत.

मॅडम हवेत करून दाखवतात:
तळवे बाहेर, खांद्याहून जरासेच रुंद,
मग कोपरं वर ठेवून आत,
परातीच्या कडेचं पीठ मध्ये ओढावं तसं.
तेवढ्यात श्वास.
हनुवटीखाली नमस्कार करत बसायचं नाही,
हात सरळ पुढे.
ते पुढे निघाले की मग पाय.
मग काही नाही.

"काही नाही म्हणजे?"
"म्हणजे काही नाही. सरकायचं."

एकतीस वर्षं पीएमटीत कंडक्टर होतो.
पुढे सरका, पुढे सरका, लोकांना सांगत
स्वतः मात्र उलटा, गर्दी चिरत मागे.
एक हात दांडीला, दुसऱ्यात पंच,
डाव्या खांद्यावर कातडी बॅग, चिल्लरीने जड.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलंच:
"डावा खांदा का बुडतो, काका?"
बॅग तर निवृत्तीच्या दिवशीच जमा केली
स्वारगेट डेपोत. पावती आहे घरी.
खांद्याला कुणी कळवलं नाही.

आणि हातपाय एकाच वेळी.
हात ओढतात तेव्हाच पाय झाडतात,
एकाची कमाई दुसरा उडवतो.
पंचवीस मीटरला माझे चौतीस हात.
शेजारच्या लेनमधली आठवीतली अवनी
सतरात जाते, वर माझ्याकडे बघून हसते.

गुरुवार. शहराचं पाणी बंद, दुरुस्तीसाठी.
घरी चार बादल्या भरून ठेवल्या,
आणि इथे हे एवढं पाणी
फक्त माझ्या चुका ढवळायला.

तिसऱ्या फेरीला दोरी आठवली.
एक घंटी: थांब. दोन: चल.
नवा होतो तेव्हा जोशात इतक्या लागोपाठ ओढायचो
की ढमढेरे ड्रायव्हरला एकच ऐकू यायची.
गच्चकन ब्रेक. अख्खी गाडी माझ्या अंगावर.
"अरे बाबा, दोन्हींमध्ये बोटभर जागा ठेव," म्हणायचा,
"मला कळू दे, दोन आहेत."

हात पुढे. टण.
बोटभर जागा.
पाय. टण.
आणि मग, सुटलेल्या गाडीत
कंडक्टर काय करतो पहिली दोन मिनिटं?
काही नाही. दांडीला टेकतो.

टेकलो.
कान दंडांच्या मध्ये, नजर तळाशी.
निळ्या फरशा एकेक करून मागे गेल्या,
कुणाची तरी केसांची पिन गेली,
आणि मी काहीच करत नव्हतो.

सव्वीस हात. मोजले मी.
पुढच्या फेरीला पुन्हा एकतीस, नाकात पाणी,
भिंतीला कोपर आपटलं.
मॅडम फक्त म्हणाल्या, "आता तो खांदा."

येताना स्टॉपवर उभा राहून करून बघत होतो:
बाहेर, आत, पुढे.
हात पुढे गेला आणि बस थांबली.
कंडक्टर पोरगा, हातात मशीन.
"चढायचंय ना आजोबा?"
"नाही रे. तू जा."

त्याने पत्र्यावर दोनदा थाप मारली.
फार लागोपाठ मारली.
सांगावंसं वाटलं, पण गाडी निघालीही,
आणि माझे हात अजून पुढेच होते.