तेल कुठून येतं

दिवाळीपासून रोज रात्री मी गाडीखाली पेपर पसरत होते.
टिळकवाडीतली शहाबादी फरशी, गुंजीकरबाईंनी रोज धुतलेली,
तिच्यावर माझ्या जुन्या आठशेचा रुपयाएवढा डाग.
सकाळी थेंब बघायचा. कधी बाजारभावावर,
कधी निधनवार्तेतल्या कुणाच्या टोपीवर,
एकदा नेमका सीमाप्रश्नाच्या पुढच्या तारखेवर,
आकडा वाचताच आला नाही.

काकतीच्या गॅरेजवाल्यानं वाकूनसुद्धा बघितलं नाही.
"मागचं क्रँक सील. गिअरबॉक्स उतरवायला लागतोय.
नऊ हजार धरा."
मी धरले, म्हणजे मनात धरून ठेवले,
आणि महिनाभर नुसती डिपस्टिक पुसत राहिले.

मग तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडं, उद्यमबागेच्या तोंडाला,
जिथं लेथ दुपारचीही डुलकी घेत नाहीत,
गौससाब नदाफ.
पाट्या कन्नडमध्ये, शिव्या मराठीत,
पान्यांशी तो दखनीत बोलतो.
"खाली बघून काय करणार ओ?
तेल उतरतंय खाली, वारं ढकलतंय मागं.
ओलं दिसतंय तिथंच दुखतंय असं नस्तंय की."

डिझेलमध्ये बुडवलेला रंगाऱ्याचा झिजका ब्रश.
अर्धा तास. चोर्ल्याची लाल माती निघाली,
वीस वर्षांचं किटण, जांभळाचं एक वाळकं पान,
आणि खाली करड्या धातूवर ओतलेली अक्षरं,
इतकी वर्षं माझ्याच गाडीत होती,
मी कधी पाहिली नव्हती.
मग त्यानं नातीच्या पावडरचा डबा आणला.
चिमटीनं नव्हे, मूठभर उधळली.
न्हाऊन काढलेल्या बाळासारखं इंजिन, गळ्यात पांढरं.
"आता चालू करा. स्वल्प ताळ्री."

थांबले. चहा आला, त्यावर साय धरली.
पलीकडच्या शेडमध्ये कुणी कास्टिंगवर घण मारत होतं.
पांढऱ्यातून एक तपकिरी रेघ सुटली,
टॅपेट कव्हरच्या पाठच्या कोपऱ्यातून,
जिथं हात जात नाही, नजर तर नाहीच.
दातांच्या डॉक्टरचा असतो तसला आरसा त्यानं आत घातला.
"हितनं."
मग बोल्टांना बोट लावून, "हे कुणी आवळलं?"

लेथ चालू होते, तरी शांत झाल्यासारखं वाटलं.
मी. दिवाळीच्या आधी, दहाच्या पान्यानं,
कोपऱ्यात ओल दिसली म्हणून, दातओठ खाऊन.
तो हसला नाही.
"थेंब दिसला की माणूस आवळतंय.
आवळलं की पत्रा वाकतंय. वाकलं की जास्तच गळतंय."

कव्हर लोखंडी पाटावर पालथं घालून
लाकडी हातोडीनं काठ सरळ केला, टक टक,
मधूनमधून डोळा लावून बघत.
जुनं गॅस्केट बिस्किटासारखं मोडलं.
नवं बसवताना त्यानं बोल्ट समोरासमोर घेतले,
ओंदु, एरडु, मूरु, दोन बोटांच्या जोरानं,
माझ्यापेक्षा कितीतरी कमी.
मला वाटलं, झालं.
पण त्यानं ब्रीदरची नळी काढून फुंकली. गप्प.
तारेनं आतून काळा गोळा ओढला, खरवसाएवढा मऊ.
"उसिरु बंद हाय. काय म्हणतात तुमच्यात..."
"श्वास."
"तेच की. आत कोंडलं की जिथं पातळ तिथनं येतंय बाहेर.
नुसतं पॅकिंग घातलं असतं, तर आठ दिवसांत परत आला असता."

गॅस्केट दीडशे, मजुरी तीनशे. पावडरीचे घेतले नाहीत.
"चार दिवस जुनं पडंल. भ्यायचं नाही.
आणि तो दहाचा पाना हितंच ठेवा."

तिसऱ्या सकाळी पेपरवर एक थेंब.
हात डिकीतल्या पिशवीत गेला,
पान्याच्या जागेवर नुसतं तेलकट फडकं.
सहाव्या दिवशी पेपर कोरडा. उभ्याउभ्याच
पहिल्या पानापासून वाचून काढला.
तारीख पुढं गेली होती.
गुंजीकरबाई वॉशिंग पावडर टाकून फरशी घासत होत्या.
"निघतोय का?" मी विचारलं.
"फिका झालाय," त्या म्हणाल्या,
आणि बादली माझ्याकडं सरकवली.