उचलण्याचे चाळीस

डंडीत, तागाच्या जुन्या गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
माझं काम एवढंच: आकडे लावणं.
समोरच्याला पाडलं, शंभर.
पडलेल्या भिडूला उचललं, चाळीस.

आठ जण निघतात गोठलेल्या समुद्रावरून,
दिवा एकच.
बर्फ तडकेपर्यंत एकमेकांचे हात धरायचे,
किनारा दिसला की सोडायचे.
नेमके कधी, ते मी ठरवायचं.
हिवाळ्यात साडेतीनलाच अंधारून येतं इथे.
टे नदीच्या पुलावरून एडिंबराची गाडी येते,
तिच्या खिडक्या मोजत मी आकडे बदलत राहते.

चाळीस होते तेव्हा कुणी मागे वळेना.
पायपुसण्यावरून जावं तसे
लोक पडलेल्यांवरून जात.
मग मी साठ केले.
दोन रात्री सगळी देवमाणसं.
तिसऱ्या रात्री कळलं,
लोक आपल्याच भिडूला ढकलतायत
आणि लगेच हात देऊन उभं करतायत.
ढकल, उचल. ढकल, उचल.
साठ, साठ, साठ.
कॅलम हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी.
मला आमच्या तासगावच्या पतपेढीची निवडणूक आठवली.

परत चाळीस.

तुमच्या भाषेत टीममेटला काय म्हणतात, कॅलमने विचारलं.
भिडू.
म्हणजे?
भिडणं म्हणजे टक्कर घेणं, मी म्हटलं.
आणि एखादं गाणं काळजाला जाऊन लागतं,
तेही भिडणंच.
मग भिडू यातला कुठला?
ते डावावर असतं.

चाचणीला येतात त्यांत एक मिस्टर गौर्ली,
वय एकोणऐंशी, ब्रॉटी फेरीहून बसने,
बोटं सांध्यांत आखडलेली.
येईल त्याला उचलत बसतात
आणि चौथ्या मिनिटाला स्वतः आडवे.
दर वेळी.
मला बघवेना.
एका संध्याकाळी गुपचूप चार ओळी घातल्या कोडमध्ये:
हा भिडू आउट होत नाही.
नियमाला नाव दिलं, रोमन लिपीत, कच्चा लिंबू.
आमचा धाकटा श्रीपाद असायचा लंगडीत,
हात लागला तरी कुणी मोजायचं नाही.

गौर्ली त्या दिवशी तेरा मिनिटं टिकले.
मग हेडफोन काढून माझ्याकडे वळले.
"पोरी, भाला लागला मला. दोनदा लागला.
मी पडलो का नाही?"
कान लाल झालेले.
तसाच श्रीपाद, सहा वर्षांचा, अंगणात पाय आपटत:
मला खरं राज्य द्या! खरं राज्य द्या!
द्यायला कुणाची ना नव्हती.
त्याला हरायचं असेल
हे फक्त सुचलंच नव्हतं कुणाला.

चार ओळी काढून टाकल्या.
ते लिंबू काय होतं, कॅलमने विचारलं.
लोणचं होतं, म्हटलं. मुरलं नाही.

परवा गौर्ली चौथ्या मिनिटाला पडले.
खुर्चीत मागे रेलले, "हां!" म्हणाले,
गरम चहा घशाखाली उतरल्यासारखे.
पडद्यावर त्यांचा माणूस बर्फावर,
दिवा पुढे गेलेला, किनारा सगळ्यांना दिसत होता.
सातांतला एक थांबला.
कुठला कोण, नावाच्या जागी नुसते आकडे.
उभा राहिला. मागे वळला.
चाळिसांसाठी असेल.
नसेलही.
तक्त्यात बघता आलं असतं, नाही बघितलं.

"अरे नको, जा तू, जा पुढे,"
गौर्ली पडद्याला सांगत होते,
आणि आखडलेल्या बोटाने
हात पुढे करायचं बटण दाबत होते.