तीन सेकंद

ओलेगारियो रात्रपाळीची गाडी चालवतो,
समुद्रापासून वर, वेधशाळेपर्यंत.
शेवटचे चार किलोमीटर मोठे दिवे बंद,
बाजूचे दोन पिवळे ठिपके तेवढे मिणमिणते.
वळणं पायाच्या अंगठ्याला कळतात, म्हणतो.

मी खाली उद्यानात राखणदार.
निवडुंग मोजते :
राखाडी, बुटके, खडकाला बिलगून बसलेले,
वर्षाला नखभरही न वाढणारे.
धुक्यावर जगतात. कामान्चाका म्हणतो आम्ही त्याला.
समुद्रातून उठतं, कडा चढतं
आणि अर्ध्या वाटेत दम लागल्यासारखं थांबतं.
त्याच्या वर थेंब नाही.
त्याच्या वर आभाळ इतकं कोरडं
की तारे लुकलुकायचे विसरतात म्हणे.

मी तिथे एकदाच गेले,
जेवणघराच्या मागच्या दाराने, त्याचा विसरलेला डबा द्यायला.
आरसा दाखवला मला. आमच्या घराहून रुंद.
विचारलं, यात तोंड कोण पाहतं?
तिथली पोरगी हसली.
कोणीच नाही, म्हणाली.

मागच्या ऑगस्टात, चंद्र नसलेल्या रात्री,
रस्त्यात काहीतरी उभं होतं.
खडक नव्हता. खडक श्वास घेत नाही.
ओलेगारियोने दिवे लावले.
ग्वानाको, मादी, पोटुशी,
पापण्यांच्या लांब केसांवर धूळ.
ती हलली. त्याने दिवे मालवले.
मागे सहाजण झोपलेले,
एकाचीही मान सरळ झाली नाही.

चौथ्या दिवशी पत्र आलं.
तारीख, वेळ, दक्षिणेकडचं वळण,
उजेड : तीन सेकंद.
पुन्हा घडल्यास पगार कापू. खाली शिक्का.

(पलीकडे मोठ्या खाणीचे फ्लडलाइट रात्रभर,
क्षितिजाला कावीळ झाल्यासारखे.
त्यांनाही पत्र जात असेल. असेलही.)

पत्र घेऊन तो चुलीपाशी बसला, बराच वेळ.
मी म्हटलं, जाऊ दे, कर सही.
तो म्हणाला, तीन. मोजलेत बघ.

त्याचा बाप बेलार्मीनो
पापोसोच्या मागच्या टेकडीत तांबं खणायचा.
स्वतःचं बीळ, स्वतःची सुरुंगाची दारू,
कपाळावर कार्बाइडचा दिवा, बाहेर एक गाढव.
दिवा कधी विझला कोणाला ठाऊक नाही.
सोमवार असेल. किंवा बुधवार.
गाढव एकटं खाली आलं,
पाण्याच्या पिंपाशी उभं राहिलं,
त्यावरून कळलं.
सरकारी कागद एकच निघाला,
वेळेच्या रकान्यात आडवी रेघ.

ओलेगारियोने सही केली.
नक्कल टाकली नाही,
बापाच्या कागदाबरोबर बिस्किटांच्या डब्यात ठेवली,
घडी न घालता.
डबा लहान होता, म्हणून कोपरे दुमडले.

डिसेंबरात, उद्यानाच्या हद्दीच्या कुंपणापाशी,
मला ती दिसली. तीच की दुसरी, सांगता येणार नाही.
पायांत पिल्लू, चारही पाय चार दिशांना,
धुक्याने भिजलेलं.
मी वही काढली.
ठिकाण लिहिलं. संख्या : दोन.
वेळेशी थांबले,
घड्याळ पुसून पाहिलं, सहा वाजून बारा मिनिटं.
शेऱ्याच्या जागी काय लिहावं सुचेना.
लिहिलं, उजेड पुरेसा.