दुपारी दोन ते चार

माझ्या हाताखाली अकरा जण आहेत.
हाताखाली म्हणजे काय,
भुसावळला जेवणाच्या टेबलावर
लोणच्याच्या बरणीशेजारी लॅपटॉप,
त्यात अकरा हिरवे ठिपके.
पाच मिनिटं कुणी हललं नाही की पिवळा.

सावदा, पारोळा, शहादा, यावल,
एक जण तर थेट तळोद्याचा.
दवाखान्यांची बिलं तपासतात सगळे,
मोतीबिंदू, सिझर, गुडघ्याची वाटी,
आमच्यापैकी कुणी कधी न पाहिलेल्या शहरांतली.

वडील जिनिंगमध्ये मुकादम होते.
भुवयांत रुई घेऊन घरी यायचे.
शेडमध्ये समोरचा माणूस दिसायचा नाही,
पण नुसत्या खोकल्यावरून सांगायचे
कोण आलंय, कोण नाही,
आणि कोण येऊनही आलेलं नाही.

माझे सगळे म्यूटवर असतात.

मला कंपनीने आलेख दिलाय,
कुणाचा माउस कधी, किती हलला त्याचा.
अक्षय्य तृतीयेपासून बघतेय
रुबिना तडवी, यावल:
दुपारी दोन ते चार रेघ
डावीकडून उजवीकडे जाते,
टोकाला जराशी थांबते,
उजवीकडून डावीकडे येते.
माणूस असं काम करत नाही.
माणूस अडखळतो, पाणी प्यायला उठतो,
वैतागून एकाच जागी तीनदा क्लिक करतो.

असा फिरतो फक्त टेबलफॅन.

आधी हसू आलं. मग शेऱ्याचा रकाना उघडला.
गैरवर्तन. तांत्रिक अडचण.
निवडायला दोनच.

फोन लावला. बाहेर पंचेचाळीस.
"काय करू राह्यली वं, रुबिना?"
ती गप्प. मागे पात्यांची कटकट,
टोकाला जराशी थांबणारी.
"झोपली होती, मॅडम. खोटं नाही बोलत.
दुपारी मशीन चालतं, मी नाही चालत.
बिलं पहाटेच करून टाकते, चार ते सहा,
गार असतं तवर."

पाहिलं. खरंच होती पहाट,
आलेखाच्या अगदी कडेला, राखाडी रंगात,
खाली बारीक अक्षरात: कामाच्या वेळेबाहेर.
एकशे बेचाळीस बिलं. चूक एक,
तीही दवाखान्याची.

तेवढ्यात वरून पुण्याचा मेसेज:
सुनंदा मॅडम, तुमचा ठिपका पिवळा झालाय,
सगळं ठीक आहे ना?

फोन खांद्यात दाबून
एका बोटाने माउस ढकलला मी,
डावीकडे, उजवीकडे.
हिरवा झाल्यावर शेरा भरला, दुसरा.

मग, फोन ठेवता ठेवता,
उगाच विचारल्यासारखं विचारलं,
"बांधलास कशानं गं? सुतळी तर सुटत असेल."

"सोपटानं, मॅडम. केळीच्या.
ओलं करून बांधायचं.
वाळलं की असं आवळतं,
कापल्याबिगर निघत नाही."